शहरात ॲव्हरेज ठीक, हायवेवर धडाम: ऑफ-रोड गाडीची तपासणी कुठून सुरू करायची

लक्षणं आधी सांगतो. यातली तीन-चार जुळली तरच पुढचं तुमच्या कामाचं.

घोडबंदर रोड, ठाणे-बेलापूर रस्ता, ऑफिस-घर या चकरांमध्ये गाडी पूर्वीइतकंच ॲव्हरेज देते. पण कळंबोलीहून एक्स्प्रेसवेला लागलात, किंवा आमण्याहून समृद्धीवर चढलात, की लिटरमागे एक-दीड किलोमीटर गायब. सत्तरपर्यंत गाडी मोकळी पळते, पंच्याऐंशीच्या पुढे जड वाटायला लागते. ऑटोमॅटिक असेल तर साध्या चढालाही एक गिअर खाली उतरते. पाय काढला की पूर्वीपेक्षा लवकर वेग पडतो. ठरावीक वेगाला छतावरून शिट्टी किंवा घूं-घूं सुरू होते. जाताना आणि येताना ॲव्हरेजमध्ये बराच फरक पडतो. आणि मुख्य म्हणजे चेक इंजिनचा दिवा नाही, धूर नाही, स्कॅनर लावला तर एकही कोड नाही.

थार, जिमनी, गुरखा, जुनी स्कॉर्पिओ, सगळ्यांचे मालक हीच तक्रार घेऊन रबाळ्याला आमच्या गॅरेजवर येतात, आणि बहुतेकांनी येण्याआधी कुठेतरी इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारे भाग) साफ करून घेतलेले असतात. इंजेक्टर खराब असते तर गाडीने शहरातही डिझेल प्यायलं असतं. फक्त वेगात पिते म्हणजे चोर बहुधा बॉनेटच्या बाहेर आहे.

थोडं गणित, म्हणजे पुढचा क्रम पटेल

हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात तर वेग सव्वापट, रोध मात्र दीडपटीहून जास्त. चौकोनी ऑफ-रोड गाडीचा ड्रॅगचा आकडा, ज्याला सगळे सीडी म्हणतात, तो ०.५ च्या आसपास असतो, आणि समोरून दिसणारं क्षेत्रफळ पावणेतीन-तीन चौरस मीटर. हे धरून हिशेब केला तर ताशी ४० ला हवा गाडीला साधारण १० किलो वजनाच्या जोराने मागे रेटते, ६० ला २४, ८० ला ४२ आणि १०० ला ६६ किलो. टायरचा घर्षणरोध अठराशे किलोच्या गाडीला २३-२४ किलोच्या आसपास, आणि तो वेगाने फारसा बदलत नाही.

म्हणजे साठच्या आसपास दोघांची बरोबरी होते. त्याखाली टायरचं राज्य, त्यावर हवेचं. शंभरच्या वेगाला डिझेल गाडी दर शंभर किलोमीटरमागे अंदाजे सहा लिटर नुसती हवा बाजूला सारण्यात घालवते. छतावरच्या आणि खालच्या किरकोळ गोष्टींनी हा रोध पंधरा टक्के वाढला, तर तिथेच जवळपास एक लिटर गेलं. चाळीसच्या वेगाला तीच वाढ एका पेल्याएवढीही भरत नाही. शहरात कळत नाही आणि हायवेवर कळतं, त्याचं कारण एवढंच.

पहिलं काम फुकटातलं: मोजणी बरोबर आहे का?

डॅशबोर्डवरचा ॲव्हरेजचा आकडा पुरावा म्हणून धरू नका. टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा कट झाली की थांबा, परत भरताना तोच पंप, तीच नोझल, तोच पहिला कट. वरून पाचशेचं ‘राउंड फिगर’ करायला सांगितलंत की मोजणी संपली.

रस्ता निवडतानाही डोकं लावा. आमणे ते इगतपुरी हा चढ आहे, तिकडे जातानाचं ॲव्हरेज घेऊन रडू नका. कळंबोली ते खालापूर टोलनाका हा सपाट टप्पा बरा. जाऊन-येऊन दोन्हीचा मिळून हिशेब करा, कारण वारा. शंभरने जाताना समोरून वीसचा वारा असेल तर हवेच्या लेखी तुम्ही एकशेवीसने चालला आहात, आणि रोध चव्वेचाळीस टक्क्यांनी वाढला. दुपारी खाडीवरून वारा सुटल्यावर अटल सेतूवर घेतलेला आकडा म्हणूनच कुणाला सांगू नये.

आता टायर. हा मुद्दा निम्म्या लोकांना माहीत नसतो. कंपनीचं २५५/६५ आर १८ काढून २८५/६५ आर १८ टाकलं असेल तर टायरचा व्यास जवळजवळ पाच टक्क्यांनी वाढतो. मीटरला ते कळत नाही. गाडी १०५ किलोमीटर धावते तेव्हा मीटर शंभरच मोजतो. म्हणजे तुमच्या ‘पडलेल्या’ ॲव्हरेजमधले पाच टक्के नुसते कागदावर पडलेत. मोबाइलच्या जीपीएसवर लांब अंतर मोजून मीटरशी ताडून बघा. उलट वेगही मीटर दाखवतो त्याहून थोडा जास्त असतो, म्हणजे पूर्वीच्याच काट्यावर चालवताना तुम्ही खरं तर अधिक वेगाने हवा कापताय. मोठ्या टायरचा मार असा दुहेरी बसतो.

पेट्रोलवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे ई-२० ने, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने, ॲव्हरेज थोडं पडणारच, पण ते शहरात आणि हायवेवर सारखंच पडेल. फक्त हायवेवर पडत असेल तर इथेनॉलला शिव्या देऊन उपयोग नाही.

हवा भरा, मग बाकीचं बोलू

ट्रेलवर, म्हणजे कच्च्या, खडकाळ वाटेवर, अठरा पीएसआयवर उतरवलेले टायर परत येताना पंपावर घाईत पंचवीसपर्यंत भरले जातात आणि तसेच महिनाभर राहतात. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा टायर थंड असताना भरायचा. हे सगळ्यात स्वस्त काम आहे, आणि ते केल्याशिवाय पुढची कुठलीही तपासणी भरवशाची नाही. त्याच वेळी फोर-बाय-फोरचा दांडा बघा. तो टू-एचवरच, म्हणजे दोनच चाकांना ताकद देणाऱ्या जागी, आहे ना? पार्ट-टाइम फोर-बाय-फोर गाडी डांबरी रस्त्यावर फोर-एचमध्ये (चारही चाकांना ताकद) चालवली तर ॲव्हरेज तर जातंच, वर पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्स्फर केसवरही ताण येतो.

छत

माझ्या अनुभवात दोषी बहुतेक वेळा इथेच सापडतो.

कॅरिअर, त्यावर जाळी, पुढच्या कडेला एलईडीचा लाइट बार, बाजूला गुंडाळलेला मंडप, कधी फावडं, कधी नुसतेच रिकामे डबे. अमेरिकेच्या सरकारी इंधन-बचत माहितीत छतावरच्या मोठ्या बोजड पेटीचा हिशेब दिलेला आहे: शहरात २ ते ८ टक्के, महामार्गावर ६ ते १७ टक्के, आणि ताशी १०५-१२० किलोमीटरच्या वेगाला १० ते २५ टक्के ॲव्हरेज घटतं. त्याच यादीत मागे लावलेल्या पेटीचा आकडा बघा: शहरात १-२ टक्के, महामार्गावर १ ते ५. चौकोनी गाडीच्या मागे आधीच हवेचा भोवरा असतो, त्यात आणखी एक डबा घुसला तर हवेला फारसं सोयरसुतक नाही. म्हणून मागच्या दारावरची स्टेपनी, शिडी, जेरीकॅन यांच्या मागे लागू नका. सामान न्यायचंच असेल तर छतावरून काढून आत किंवा मागे टाका.

लाइट बारचं दुखणं वेगळं आहे. काचेवरून चढून आलेली हवा छताच्या पुढच्या कडेला सर्वांत जोरात असते, आणि लोक तो बार नेमका तिथेच बसवतात. तिथे हवा पृष्ठभाग सोडते आणि मागच्या सगळ्या छतावर गडबड करते. तोच बार बंपरच्या आत बसवला तर नुकसान बरंच कमी होतं. छतावरच हवा असेल तर निदान ट्रेल संपल्यावर काढता येईल असे ब्रॅकेट घ्या.

ही कड किती नाजूक आहे याचं मोठ्या घरचं उदाहरण द्यायचं तर मर्सिडीजची जी-क्लास. एवढी चौकोनी गाडी, पण २०२४ च्या बदलांत त्यांनी छताच्या पुढच्या कडेला एक बारीक ओठ दिला, काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांची आवरणं बदलली, आणखीही थोडी सुधारणा केली आणि सीडी ०.५३ वरून ०.४४ वर आणला. बाहेरून बघणाऱ्याला गाडी तशीच दिसते. हे वाचून कुणी एम-सीलने घरी ओठ घडवायला बसू नये. त्यामागे विंड टनेलमधलं, म्हणजे गाडीवर जोराची हवा सोडून मोजणाऱ्या बोगद्यातलं, काम आहे.

तपासणी सोपी आहे. ॲलन की घ्या, एका रविवारी कॅरिअर पूर्ण उतरवा, आणि वर सांगितलेला टप्पा त्याच वेगाने पुन्हा मोजा. कसारवडवलीच्या एका काकांचा हट्ट होता की रिकाम्या कॅरिअरला वजनच काय, त्याने काय फरक पडणार? वजनाचा प्रश्नच नाही. गोल किंवा चौकोनी पाइप हवेत आडवा धरला की त्याच जाडीच्या, माशासारखी निमुळती शेपटी असलेल्या पट्टीपेक्षा तो कित्येक पट जास्त रोध करतो. काकांनी नाइलाजाने कॅरिअर काढला, आणि पुढच्या पुणे फेरीनंतर तो परत बसवायला आलेच नाहीत. कॅरिअर ठेवायचाच असेल तर आडव्या दांड्या निमुळत्या आकाराच्या घ्या, आणि त्या उलट्या बसवू नका. जाड कड पुढे, बारीक मागे. उलट्या बसवलेल्या दांड्या मी इतक्या वेळा सुलट केल्यात की आता गाडी आत शिरतानाच तिकडे बघतो.

बोल्ट काढल्यावर भोकं उघडी ठेवू नका. रबरी बूच आणि सिलिकॉन लावा, नाहीतर जुलैत पाणी थेट छताच्या अस्तरात उतरेल.

सॉफ्ट टॉपवाल्यांनी पट्टे ताणून घ्यावेत, फडफडणारं कापड म्हणजे सरळ तोटा. पिकअपचा मागचा फाळका उघडा टाकून हवा ‘पास’ होते हा समज सोडून द्या, बंदच ठेवा.

गाडीखाली

इथे प्रश्न जास्तीच्या पार्टचा नसून हरवलेल्या पार्टचा असतो. बंपरच्या खाली काळी, लवचीक प्लास्टिकची पट्टी असते. कुरूप दिसते, दगडाला घासते, त्यामुळे ॲप्रोच अँगल (बंपर न घासता गाडी किती तीव्र चढाला भिडू शकते तो कोन) वाढवायला लोक पहिल्यांदा तीच उपटून फेकतात. तिचं काम असतं हवा गाडीखाली जाऊ न देणं. ऑफ-रोड गाडीचं पोट म्हणजे ॲक्सल, ट्रान्स्फर केस, सायलेन्सर, टाकी, सगळं उघडं. हवा तिथे शिरली की प्रत्येक गोष्टीवर आपटत मागे जाते. पट्टीने समोरचं क्षेत्रफळ किंचित वाढतं हे खरं, पण पोटाखालचा धिंगाणा त्याहून महाग पडतो. चाकांच्या पुढे असलेले तळहाताएवढे पडदेही त्याच कामाचे: हवा थेट फिरत्या टायरवर आदळू नये म्हणून.

मग इंजिनखालचं कव्हर आणि चाकांच्या कमानीतलं प्लास्टिकचं अस्तर. पावसाळ्यातले आपले खड्डे खाऊन याच्या क्लिपा तुटतात. कव्हर पूर्ण पडलं तर एक वेळ चालेल, पण पुढून सुटून मागे लटकलेलं कव्हर वेगात सुपासारखं हवा गोळा करतं. सर्व्हिसला ऑइल बदलताना काढलेलं कव्हर परत दोनच स्क्रूंवर बसवलेलं मी अनेकदा पाहिलंय. टॉर्च घ्या, गाडी सपाट जागी उभी करा, वाकून पुढून मागे बघत जा. काय लटकतंय, कुठली भोकं रिकामी आहेत, कुठलं अस्तर टायरला घासतंय. क्लिपा स्वस्तात मिळतात, पट्टी कंपनीच्या पार्टच्या दुकानात मिळते. ट्रेलला जाताना काढायची असेल तर पट्टी स्क्रूवर बसवून घ्या, दहा मिनिटांत निघते आणि दहा मिनिटांत बसते.

एक धोक्याची सूचना. जास्त शहाणपणा करून पुढची जाळी पुठ्ठ्याने किंवा पत्र्याने बंद करणारे आहेत. बोरघाटात एसी चालू ठेवून चढताना त्याची किंमत कळते. रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरसमोर काहीही लावायचं नाही. स्किड प्लेट (पोटाला दगडांपासून वाचवणारा पत्रा) टाकताना हवेची भोकं आणि ऑइल काढायची जागा उघडी राहते का, तेही बघून घ्या.

गाडी उंच करणारं लिफ्ट किट घातलं असेल तर पोटाखाली जास्त हवा जाणारच, त्यावर इलाज फक्त किट काढणं. मला विचाराल तर मुरबाड, माळशेजच्या वाटांना बहुतेकांना लिफ्टची गरज नसते. पण हा ज्याच्या त्याच्या हौसेचा भाग.

कमानीबाहेर आलेले टायर

चाक बाहेरच्या बाजूला ढकलणाऱ्या ऑफसेट रिममुळे टायर कमानीच्या बाहेर आले की समोरची रुंदी वाढते आणि फिरतं रबर थेट हवेत येतं. जोडीला ट्रकछाप मड फ्लॅप. फ्लॅप टायरच्या रुंदीपुरता कापून घ्या, तेवढं पुरे. रिम बदलणं महागाचं काम, म्हणून ते या यादीत एवढं खाली. बंपरपुढे लावतात त्या लोखंडी बुल बारचं तर विचारूच नका: हवेला आडवा येतो, धडकेत एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाज चुकवू शकतो, आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने सगळ्या राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलेलं आहे.

विकत मिळणारे ‘ॲव्हरेज वाढवणारे’ पार्ट

छताच्या मागच्या कडेला चिकटवायचे शार्क-पंख घेऊन लोक येतात. मित्सुबिशीच्या इंजिनिअरांनी २००४ मध्ये लॅन्सर इव्होल्यूशनवर असे पंख तपासले, सीडी ०.००६ ने घटला. तीही मागची काच उतरती असलेली सेडान. तिथे हवा कुठे सुटेल हे पंखांनी पुढे-मागे करता येतं. आपल्या गाडीची पाठ उभी कापलेली, हवा त्या धारेवरच सुटणार, पंख असोत वा नसोत. पैसे वाचवा, हरवलेली पट्टी आणा.

एवढं करूनही आकडा हलला नाही तर

मग हवेला सोडा. वीसेक किलोमीटर चालवून, ब्रेक शक्य तितका कमी वापरून, गाडी सुरक्षित जागी उभी करा आणि चारही चाकांचं तापमान तपासा. हात लावू नका, भाजेल. इन्फ्रारेड थर्मामीटर वापरा किंवा रिमजवळ तळहात लांबून धरा. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर कॅलिपर (ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) चिकटतोय किंवा बेअरिंग जातंय. चिखलपाण्यातून निघालेल्या गाड्यांत हे नेहमीचं. नंतर एअर फिल्टर, विशेषतः स्नॉर्केल (इंजिनाची हवा छताच्या उंचीवरून घेणारा पाइप) लावला असेल तर त्याचे जोड. फिल्टरमध्ये माती कोंबली गेली असेल तर शहरातही फरक दिसेल. शेवटी व्हील अलाइनमेंट. लिफ्टनंतर ती केलेलीच नसते, आणि टायर आतल्या किंवा बाहेरच्या कडेला झिजलेला दिसतो.

इथे थांबा आणि मेकॅनिककडे जा

चाक गरम होत असेल, ब्रेक एका बाजूला ओढत असेल किंवा चाकातून घरघर येत असेल, तर हायवेची मोजणी बंद, गाडी तशीच जवळच्या गॅरेजला न्या. ब्रेक घरी उघडायचा नाही. काळा धूर, डिझेलचा वास, वेग वाढवताना शिट्टीसोबत ताकद गेलेली (टर्बोचा होज पाइप किंवा इंटरकूलर), डीपीएफचा (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा, यातलं काहीही असेल तर ते स्कॅनर असलेल्या माणसाचं काम. बंपर काढावा लागणार असेल आणि गाडीत एअरबॅग किंवा पुढचा रडार असेल तर तो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडूनच काढून घ्या. चॅसीवर वेल्डिंग करून ब्रॅकेट लावून देणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. स्टँड नसेल तर रँप असलेल्या गॅरेजमध्ये जा.

गॅरेजला येताना एक कागद आणा. त्यावर टायरचा साइझ आणि प्रेशर, मोजणी कुठल्या टप्प्यावर आणि कुठल्या वेगाने केली, कॅरिअरसह किती आणि कॅरिअरशिवाय किती, आणि शहरातलं ॲव्हरेज. एवढं हातात असलं की निम्मी चौकशी वाचते, आणि तुमचे इंजेक्टर कुणी विनाकारण उघडत नाही.